खिसे नीट तपासावेत

९ फेब्रुवारी

आज घरात माझी नेमणूक झाली. पगार नाही, पण पद मोठं आहे. खिशांचा डबा कोणत्या संस्थेला द्यायचा, हे मी ठरवायचं.

आमची लॉन्ड्री आहे. लोक कपडे देतात आणि खिशांत काय काय विसरतात. चाव्या, गोळ्या, एकदा तर दाताची कवळी. ज्याचं त्याला परत जातं. पण तपासणीतून सुटून नाणी आणि नोटा मशीनमध्ये घोळून निघाल्या की कोणाच्या ते कळत नाही, त्या डब्यात पडतात. हा नियम आत्याचा. ती आयुष्यभर या दुकानातच होती आणि प्रत्येक कपड्याचे खिसे स्वतः बघायची. म्हणायची, खिसा वरून थोपटून कळत नाही, आत हात घालावा लागतो.

आत्या गेल्या वर्षी गेली. कॅन्सर होता, आणि तिने तो इतके महिने कोणाला सांगितला नाही की डॉक्टरांनाच आम्हाला ओरडावं की आमची कीव करावी हे कळेना. शेवटी शेवटी तिने बाबांना सांगितलं, डबा माझ्या दुखण्याच्या कामाला द्या. वर्ष झालं. डबा अजून कपाटावर आहे.

आज बाबा म्हणाले, "साहेब, तुम्ही शिकलेले. तुम्ही ठरवा. पण नीट ठरवा."

घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, म्हणून मी साहेब. वीजबिल, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं, दारावर चिकटवलेल्या नोटिसा, सगळं माझ्याकडे येतं. ऑफिसात मी लेखापरीक्षण विभागात सर्वांत धाकटी आहे. तिथे मला कोणी साहेब म्हणत नाही.

"नीट ठरवा" असं मला सांगायला नको होतं. आई लगेच म्हणाली, "झालं. आता हा डबा आपल्या नातवंडांच्या हातूनच जाणार."

१२ फेब्रुवारी

पहिली शंका. हे पैसे आमचे नाहीत. आत्याचेही नव्हते. ते विसरभोळ्या लोकांचे आहेत. दुसऱ्याच्या विसरण्यावर आपण दानशूर व्हायचं का?

बाबांना विचारलं. ते म्हणाले की दुकानाबाहेर पाटी लावू, ज्यांनी ज्यांनी काही विसरलं असेल त्यांनी आठवून सांगावं.

हे ते थट्टेत म्हणाले, हे मला पाटी लिहून झाल्यावर कळलं.

१६ फेब्रुवारी

कॅन्सरसाठी काम करणाऱ्या सगळ्या संस्थांना एकच पत्र पाठवलं. पैसा कुठून येतो, कुठे जातो, कार्यालयावर किती खर्च होतो, पदाधिकारी एकमेकांचे नातेवाईक आहेत का, वगैरे. पत्र थोडं लांबलं. आईला वाचून दाखवलं. ती कफाला इस्त्री करता करता ऐकत होती. शेवटी म्हणाली, "देणारी तू आहेस की पोलीस?"

एका संस्थेचं उत्तर संध्याकाळीच आलं. "आपले प्रश्न आम्हाला मोलाचे वाटले." उत्तरं मात्र त्यांना मोलाची वाटली नसावीत, कारण ती दिलेली नव्हती.

आईने वरच्या दांडीवर कपडे टांगायचं काम बाबांकडे दिलं आहे. खांदा धरलाय म्हणते. मी मलम आणलं. तिने ते घेतलं, वास घेतला आणि कपाटात ठेवून दिलं.

१९ फेब्रुवारी

मोलाच्या प्रश्नवाल्यांचे गृहस्थ स्वतः दुकानात आले. बूट इतके चकचकीत की बाबा त्यांच्याकडे कौतुकाने बघत राहिले. बाबांना कपड्यांपेक्षा बुटांचं जास्त कौतुक, कारण ते आपल्याकडे धुवायला येत नाहीत.

गृहस्थांनी दोन अहवाल दिले, गुळगुळीत कागदाचे. सोबत फोटो काढणाराही होता. आईने मोठा पुठ्ठ्याचा चेक हातात धरायचा आणि मागे आत्याचा फोटो, अशी त्यांची कल्पना. "आपल्या नणंदबाई फार धैर्याने लढल्या असतील," असं ते आईला म्हणाले.

आई म्हणाली, "वन्सं नाही हो लढल्या. त्या पडून होत्या. लढलो आम्ही, एकमेकांशी. सूप कोणी करायचं त्यावरून."

फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. गृहस्थांनी विषय बदलायला म्हणून विचारलं, घरात आणखी कोणाला हा त्रास नाही ना?

"नाही," आई म्हणाली. एवढं पटकन उत्तर ती कधी देत नाही. मग त्यांच्या कोटावरचा डाग बघून तिने तो तिथल्या तिथे ब्रशने काढून दिला आणि पैसे घेतले नाहीत. बाबा नंतर म्हणाले, दान झालं, आता डबा ठेवून देऊ.

अहवाल वाचला. त्यांचा छपाईचा खर्च औषधांच्या खर्चाच्या जवळपास जातो. यादीतून नाव काढलं. पण मनात येतं, मोठ्या संस्थेला चांगल्या कागदाची गरज असेलही. कोणाला मी हलकेपणाने बाद करत नाही ना?

२४ फेब्रुवारी

संशोधन करणारी संस्था मला फार आवडली. त्यांनी माझ्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं आणि दोन प्रश्न चुकीचे आहेत हेही कळवलं. आजचा एक रोगी बरा करण्यापेक्षा उद्याचे हजार वाचवणारं औषध शोधणं चांगलं, असं मला वाचून वाचून वाटू लागलं आहे.

जेवताना हे सांगितलं. बाबांनी विचारलं, औषध निघायला किती वर्षं लागतील. मी म्हटलं, वीसही लागतील. ते म्हणाले, "म्हणजे डब्यातल्या नाण्यांचे मालक तोवर विसरायचेही विसरलेले असतील."

आई ताटातल्या भातात बोट फिरवत होती. तिने विचारलं, "आणि आज ज्याला झालंय त्याचं काय?"

नीतिशास्त्रातला हा मूळ प्रश्न आहे. कॉलेजात त्यावर आम्हाला अख्खं प्रकरण होतं. आईला तो दुसरी शिकून सुचला. मी तिचं कौतुक केलं आणि दोन्ही बाजू समजावून सांगितल्या. जरा जास्तच वेळ सांगितल्या बहुतेक, कारण मध्येच ती उठून गेली.

२ मार्च

तिसरी संस्था लहान आहे. त्यांच्याकडे एक गाडी आहे, आत बायकांची छाती तपासायचं मशीन. ती वस्त्यावस्त्यांतून फिरते. पंधरवड्याने आपल्या इथे वाचनालयासमोरच्या मोकळ्या जागेत येणार आहे. अहवाल एकाच पानाचा, तोही वाकडा छापलेला. बाबा म्हणाले, हा कागद इस्त्री केल्याशिवाय वाचू नका.

मला वाटलं होतं, आई संशोधनाला कंटाळली तशी यालाही कंटाळेल. पण आज ती दुपारभर विचारत होती. तिचे प्रश्न असे:

तिथे तपासतात त्या बायाच असतात का?

आत गेल्यावर पडदा आहे, की दार?

दुखतं का?

काही निघालं तर ते घरच्यांना सांगतात, की आधी आपल्यालाच? आणि निघालं तर पुढचं कोण बघतं, की चिठ्ठी हातात देऊन वाटेला लावतात?

मी थक्क झाले. रुग्णाचा सन्मान, गोपनीयता, पाठपुरावा! माझ्या एवढ्या लांब पत्रात यातला एकही मुद्दा नव्हता. मी पैशामागे लागले होते आणि आई थेट माणसापर्यंत गेली. सगळे प्रश्न संस्थेला कळवले, खाली लिहिलं, "आमच्या सल्लागारांच्या वतीने".

सल्लागार म्हणाल्या, "माझं नाव नाही ना घातलंस?"

५ मार्च

आज आईने मला चकित केलं.

बाबा कपडे पोहोचवायला गेले होते. मी गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या लावत होते. आई कॉलरवर पाणी शिंपडत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्याकडे एक गाठ आहे."

हे पुढे कोणी वाचलं तर कळावं म्हणून लिहिते. आत्या स्वतःचे पैसे रुमालात बांधून उशीच्या अभ्र्यात ठेवायची. तेव्हापासून घरात कोणाच्याही लपवलेल्या पैशाला आम्ही गाठच म्हणतो. बाबांची गाठ दुकानातल्या कोळशाच्या जुन्या, बंद इस्त्रीच्या पोटात असते. हे घरात सगळ्यांना माहीत आहे, आणि सगळ्यांना माहीत आहे हे फक्त बाबांना माहीत नाही. पण आईची गाठ असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मी विचारलं, केव्हापासून?

"थंडीपासून. लहानशीच आहे. तुझ्या बाबांना बोलू नकोस."

मला भरून आलं. डबा अपुरा पडेल म्हणून ती स्वतःचं थोडंथोडकं त्यात घालायला निघाली होती. पण तत्त्व म्हणजे तत्त्व. डब्यातला पैसा वेगळा, घरचा वेगळा. एकदा मिसळलं की हिशेब राहत नाही. मी तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "तुझी गाठ तुझ्याकडेच राहू दे, आई. मी तिला हातसुद्धा लावणार नाही. उलट वाढू दे. म्हातारपणी उपयोगी पडेल."

आईने माझ्याकडे बघितलं. बघतच राहिली. मग तिला असं हसू फुटलं की इस्त्री उभी करून ठेवावी लागली. बाहीने डोळे पुसत ती म्हणाली, "वाढू दे म्हणतेस?"

"हो. का नाही?"

"बरं बाई," ती म्हणाली आणि पुन्हा हसली.

कित्येक महिन्यांत आई अशी हसली नव्हती. मी काही विनोद केला नव्हता, पण मला बरं वाटलं.

९ मार्च

संस्थेचं उत्तर आलं. तपासणाऱ्या बायकाच आहेत. दार आहे आणि आत पडदाही आहे. आधी फक्त त्या बाईलाच सांगतात. पुढे मोठ्या दवाखान्यात त्यांचंच माणूस सोबत येतं. "दुखतं का" यावर त्यांनी लिहिलंय, "थोडं. पण लवकर संपतं."

आईने ते मला दोनदा वाचायला लावलं.

पण कागदावर सगळेच चांगले असतात. ऑफिसात आम्ही याला उपाय म्हणून अचानक तपासणी करतो. कल्पना न देता जायचं आणि बघायचं. तसं इथेही करावं, असं मला आज सुचलं. देणगीचं बोलायचंच नाही. कोणीतरी साधी रोगी म्हणून गाडीत जायचं आणि ते कसे वागतात ते पाहायचं. माझं वय बसत नाही, ते चाळिशीच्या पुढच्या बायकांनाच तपासतात. बाबा तर कुठूनच बसत नाहीत.

माझं बोलणं संपायच्या आत आई म्हणाली, "मी जाते."

इतका उत्साह! मी तिला सगळं समजावलं. आपण कोण ते सांगायचं नाही, घाबरायचं नाही. नुसतं तपासा म्हटलं तर ते वरवर बघतील, म्हणून काहीतरी तक्रार सांगायची. सांग, हाताला गाठ लागते.

म्हणून टाकलं आणि मग मलाच टोचणी लागली. आईला खोटं बोलायला लावायचं? चांगल्या कामासाठी असलं तरी?

"खोटं नाही बोलणार मी," आई म्हणाली. "तू नको काळजी करू. तेवढं मला जमेल."

१४ मार्च

उद्या गाडी येणार. आईने पांढरा ब्लाउज स्वतःच्या हाताने धुतला, खळ लावली, इस्त्री केली. बाबांनी विचारलं, कुठे लग्नाला निघालात? ती म्हणाली, "साहेबांच्या कामाला."

रात्री मी तिला पुन्हा एकदा उजळणी करायला लावली. ती म्हणाली सगळं पाठ आहे. मग विचारलं, "तू बाहेर बसशील ना?" मी म्हटलं, अर्थात. निरीक्षणं कोण लिहिणार?

१५ मार्च

मी बाकावर बसून लिहीत होते. पाटी वाचता येते. बसायला सावली आहे. पिण्याचं पाणी आहे, पेला साखळीला बांधलेला नाही. नर्सबाई प्रत्येकीला नावाने हाक मारतात. दार लागतं तेव्हा आवाज होत नाही. सगळ्याला चांगले गुण दिले. आई आत जाताना वळून माझ्याकडे बघून हसली आणि मी तिला खूण केली, अभिनय छान चाललाय म्हणून.

इतरांपेक्षा आईला जास्त वेळ लागला. मी लिहिलं, "घाई करत नाहीत".

मग नर्सबाई पायरीवर आल्या आणि विचारलं, यांच्यासोबत कोण आहे. मी उभी राहिले. त्यांनी मला बाजूला घेतलं. आवाज अगदी साधा होता, कपड्याचा हिशेब विचारावा तसा.

"तुम्ही मुलगी ना? त्यांनी सांगितलंय, तुम्हाला कळलं तरी चालेल म्हणून. गाठ थंडीपासून आहे म्हणाल्या. एवढे दिवस कोणाला दाखवली नव्हती का?"

मला आधी वाटलं, आईने किती बेमालूम केलं. मग तो शब्द ऐकू आला. थंडीपासून. हे मी तिला शिकवलं नव्हतं.

नर्सबाई पुढे बोलत होत्या. मोठ्या दवाखान्यात सुई घालून तपासायला लागेल, सोबत आम्ही येऊ, आत्ताच घाबरू नका. मी मान हलवत होते. हातातल्या कागदावर "घाई करत नाहीत" असं लिहिलेलं होतं.

१६ मार्च

काल पुढे लिहिता आलं नाही.

येताना वाटेत आईच म्हणाली, "पास झाली का संस्था?"

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस?

"सांगितलं होतं की. तू म्हणालीस, वाढू दे."

आणि रस्त्यात उभी राहून ती हसायला लागली. मला रडू येत होतं आणि तिला माझ्या तोंडाकडे बघून आणखी हसू येत होतं. शेवटी वाचनालयाच्या कठड्यावर बसलो. मी म्हटलं, परत सांगायचंस. ओरडून सांगायचंस. तुझी मुलगी बथ्थड आहे हे तुला माहीत होतं.

"बथ्थड नाहीस. तू सगळं वाचतेस, फक्त माणूस बोलत असलं की तुला वाटतं अजून कागद यायचाय." मग ती म्हणाली, "खरं सांगू? तू ऐकलं नाहीस ते मला बरंच वाटलं. वन्संनी ज्या दिवशी सांगितलं त्या दिवसापासून घरात कोणी हसलं नव्हतं. तू तो डबा घेतलास आणि पुन्हा सुरू झालं. तुझी पत्रं, ती पाटी, तो बुटांचा माणूस. म्हटलं, आणखी थोडे दिवस चालू दे."

बाबांना मी सांगितलं. आईने सांगू दिलं. ते दुकानात गेले, कोळशाची जुनी इस्त्री घेऊन आले, झाकण उघडलं आणि आतला रुमाल आईसमोर ठेवला.

"ही माझी गाठ," ते म्हणाले. "कोणाला माहीत नव्हती."

आईने माझ्याकडे बघितलं. मीही आईकडे बघितलं. "नव्हती हो," आई म्हणाली.

२१ मार्च

सुईची तपासणी झाली. सांगितल्याप्रमाणे त्यांचं माणूस सोबत होतं. आईला विचारलं, दुखलं का? "थोडं. पण लवकर संपलं. उत्तरात लिहिलं तसंच आहे, खरी आहे हो तुझी संस्था." निकाल पुढच्या आठवड्यात.

आता नवीन अडचण. गाडीवाले सगळ्या कसोट्यांना उतरले. पण आता त्यांना डबा देता येत नाही. आपल्या घरच्या माणसाला त्यांचा उपयोग झाला. आता दिलं तर तो निःपक्षपाती निर्णय राहत नाही. ऑफिसात याला हितसंबंध म्हणतात आणि असल्या कामातून माणसाने स्वतःहून बाजूला व्हायचं असतं. मला वाटलं हे मनातच ठेवावं, पण जेवताना तोंडातून गेलं.

बाबांनी घास खाली ठेवला. "साहेब, यम दारात आला तर त्यालाही ओळखपत्र मागाल."

आई मात्र हसली नाही. तिने विचार केला. मग म्हणाली, "उद्याच देऊन टाक. निकाल यायच्या आत. नंतर चांगला आला तर तुला वाटेल आपण आभार मानतोय. वाईट आला तर तुला राग येईल, मग तू देणारच नाहीस. आत्ता त्यांनी आपलं भलं केलंय की वाईट, हे कोणालाच माहीत नाही. याहून निःपक्षपाती दिवस तुला मिळायचा नाही."

मी यावर बराच वेळ चूक शोधली. सापडली नाही.

२२ मार्च

गाडी पलीकडच्या वस्तीत होती. आई, बाबा आणि मी, तिघं गेलो. डबा बाबांनी धरला होता, तो वाटभर खुळखुळत होता आणि लोक वळून बघत होते. नर्सबाईंनी आधी आईची चौकशी केली, मग डब्याची. देणाऱ्याचं नाव काय लिहू, असं विचारलं.

मी म्हटलं, हे आमचं नाही. खिशांचं आहे.

त्यांना सगळं सांगावं लागलं. मधला बराचसा भाग बाबांनी सांगितला, दातांच्या कवळीसकट. मग त्यांनी आत्याचं नाव विचारलं. आईने ते सांगितलं, पूर्ण नाव, जे घरात कोणी कधी घेत नसे. मला आईच्या तोंडून ते ओळखू आलं नाही क्षणभर.

घरी आल्यावर लक्षात आलं, पावती घ्यायची राहिली. बाबांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून.

परत गेले नाही.

२८ मार्च

आहे. तेच आहे.

पण लहान आहे, पसरलेलं नाही, वेळेत आलात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ऑपरेशन, मग पुढची औषधं, ती किती ते नंतर ठरेल. आईने सगळं शांतपणे ऐकलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, इतक्या लवकर कशा काय आलात? बायका येत नाहीत.

"मी तपासून घ्यायला नव्हते आले हो," आई म्हणाली. "तुमच्या गाडीवाल्यांना तपासायला आले होते. मुलीने पाठवलं होतं."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. 

मग आईने विचारलं, इस्त्री कधी धरता येईल. उजव्या हाताने इतक्यात नाही, त्या म्हणाल्या. आईचं तोंड तेव्हा पहिल्यांदा उतरलं.

येताना बाबा माझ्यापेक्षा दोन पावलं मागे चालत होते. मी वळून बघितलं नाही. त्यांना ते आवडलं नसतं.

१९ एप्रिल

आई घरी येऊन आठवडा झाला. आजपासून दुकानात येऊन बसायचं असा तिचा हट्ट. उशी लावून, हात उशीवर ठेवून, टेबलाच्या पलीकडे खुर्ची. हात अजून वर जात नाही. पुढची औषधं पुढच्या महिन्यात सुरू होणार, त्याची मला भीती वाटते. तिलाही वाटते. आता ती तसं बोलून दाखवते आणि मी मध्ये काही समजावून सांगत नाही.

मला आजवर घरात कोणी इस्त्रीला हात लावू दिला नव्हता. तुझा हात पुस्तकाचा, असं आत्या म्हणायची. आज बाबा दोन्हीकडे पुरेनात, म्हणून आईने मला टेबलाशी उभं केलं. आधी कॉलर, टोकांकडून मध्ये. मग कफ, मग बाह्या, पोट शेवटी. मी कॉलरची चुणी काढत होते, ती एकीकडून गेली की दुसरीकडून येत होती. आई बघत होती. म्हणाली, "बये, याचा मालक हा शर्ट मागायला काठी टेकत येईल."

मी एक शर्ट पूर्ण केला. फार वाईट नव्हता. दुसरा उचलून टेबलावर टाकला आणि इस्त्री हातात घेतली.

"खिसा बघितलास?"

आलेल्या कपड्यांचे खिसे धुवायच्या आधीच बघितलेले असतात. तरी मी वरून हात फिरवला आणि रिकामा आहे म्हटलं.

आईने डाव्या हाताने इस्त्रीकडे बोट केलं, ठेव खाली. मी ठेवली. मग खिशात हात घातला, तळापर्यंत, शिवणीच्या कोपऱ्यातही बोट घालून पाहिलं. काही नव्हतं.

"काही नाही," मी म्हटलं.

"हां," आई म्हणाली. "आता खरं."